ढोलकीचा आवाज किती दूर जातो?

पुण्याहून नाशिकला जाताना वाटेत मंचर लागते. मंचरपासून जवळच आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुक हे गाव आहे. या भागात चैत्र-वैशाखात गावोगाव यात्रा भरतात, आणि यात्रा म्हटली की रात्रीचा तमाशा आलाच. समजा, अवसरी बुद्रुकच्या मोकळ्या माळावर असा एक तमाशा उभा राहिला आहे. ढोलकीवर थाप पडली, गण झाला, गवळण सुरू झाली. आता प्रश्न असा, की हा आवाज किती माणसांपर्यंत पोचेल?

शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या एकाच नियमाने देता आले असते. आज मात्र तेवढ्याने भागत नाही. प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्या मुलाने मोबाइल वर धरला, गवळणीचे दोन मिनिटांचे चित्रण केले आणि ते व्हॉट्सॲपवर धाडले, की तो आवाज सकाळपर्यंत दुबईतही ऐकू येऊ शकतो किंवा शेजारच्या गावातही कोणी ऐकत नाही. असे का होते, आणि यातून त्या गाणाऱ्या बाईच्या पदरात काय पडते, हे आपण या लेखात पाहू. सुरुवात जुन्या नियमापासूनच करू, कारण तो अजून रद्द झालेला नाही.

आवाजाचे वर्तुळ

खणखणीत गळ्याचा गायक गातो तेव्हा त्याच्या तोंडातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती किती असेल? हिशेबासाठी एक मिलिवॉट धरू, म्हणजे वॉटचा हजारावा भाग. घरातल्या लहानशा दिव्याशी तुलना केली तर ही शक्ती अगदीच नगण्य आहे. ती चहूकडे पसरते. गायकापासून दुप्पट अंतरावर गेलो तर तीच शक्ती चौपट क्षेत्रफळावर पसरलेली असते, म्हणून तीव्रता चौथाई होते. हाच व्यस्त वर्गाचा नियम. डेसिबलच्या भाषेत सांगायचे तर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो.

आता हिशेब करू. एक मिलिवॉट शक्तीचा आवाज एक मीटरवर सुमारे ८० डेसिबल भरतो. दोन मीटरवर ७४, चार मीटरवर ६८, आठवर ६२, सोळावर ५६ आणि बत्तीस मीटरवर ५०. मोठ्या जमावाची कुजबुज, पोरांची रडारड, भेळवाल्याची हाळी यांचा मिळून एवढाच आवाज सहज होतो. म्हणजे बत्तीस मीटरच्या पलीकडे शब्द कळेनासे होतात. तमाशात प्रेक्षक समोर अर्धवर्तुळात बसतात. बत्तीस मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १६०० चौरस मीटर. दर चौरस मीटरला दोन माणसे दाटीवाटीने बसली तर ३,२०० माणसे झाली. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात तमाशाचा प्रेक्षक फार तर एवढाच. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते. तमाशात गायकाच्या मागे उभे राहून वरच्या पट्टीत झील धरणारे साथीदार असतात. ते ओळ उचलून धरतात तेव्हा ती शोभा तर असतेच, पण शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवण्याची युक्तीही असते. वरच्या पट्टीतील सूर गलबल्यातून चटकन वेगळे ऐकू येतात. ही गोष्ट आपल्या फडकऱ्यांनी कोणतेही पुस्तक न वाचता ओळखली होती.

पुढे ध्वनिवर्धक आला. एक मिलिवॉटच्या जागी दहा वॉट ध्वनिशक्ती मिळाली, म्हणजे दहा हजार पट. व्यस्त वर्गाच्या नियमाने अंतर मात्र दहा हजार पट वाढत नाही, त्याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे शंभर पट वाढते. बत्तीस मीटरचे तीन किलोमीटर झाले. हवेतील शोषण, वारा, घरे आणि झाडे यांमुळे प्रत्यक्षात ते कमीच भरते. तरी शिवारात पाणी धरणाऱ्या शेतकऱ्याला गावातला वग ऐकू येऊ लागला, तो याच वर्गमुळाच्या कृपेने. अर्थात ज्याला झोपायचे आहे त्यालाही तो ऐकू येऊ लागला. म्हणून २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई झाली. राज्य सरकारला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवून देता येते, एवढीच सवलत. पूर्वी वग संपायला पहाट व्हायची. त्या कलेला हा नियम चांगलाच जाचला.

तीन मिनिटांची चाळणी

अंतर वाढवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे आवाज साठवणे. हिंदुस्थानात १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले, ते या देशातील अगदी पहिल्या तबकड्यांपैकी होते. त्या वेळी विजेवर चालणारा ध्वनिग्राहक नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, त्याच्या दाबाने पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ ओढायची. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण १९२५ पासून सुरू झाले. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असे. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागला.

हे ध्यानात ठेवा, कारण पुढेही तसेच घडत गेले आहे. प्रत्येक माध्यम ही एक चाळणी असते. कलेतील काही भाग तिच्यातून पार होतो, काही वरच राहतो. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले, त्यावर लावणी ऐकू आली, पण पायांतले चाळ कसे हलतात ते दिसले नाही. मोबाइलवरच्या पंधरा-वीस सेकंदांच्या चित्रफितीत पाय दिसतात, पण वगाची गोष्ट हरवते. सोंगाड्याची कोटी ज्या राजावर आहे तो राजा कापला गेलेला असतो. मग ज्याने आयुष्यात तमाशा पाहिला नाही तो म्हणतो, तमाशा म्हणजे नुसता नाच. दोष चाळणीचा, आणि बदनामी कलावंताची.

गौहर जान यांच्या त्या तबकड्यांमधली आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. गाणे संपले की त्या इंग्रजीत आपले नाव सांगत. मेणावरची मूळ नोंद जर्मनीतील हॅनोव्हरला जायची, तिथे तबकड्या छापल्या जायच्या. हे गाणे कोणाचे, हे तिथल्या कारागिराला कळावे म्हणून ही योजना. आपल्या संतांनी आणि शाहिरांनी हीच योजना त्याच्या कितीतरी आधी केली होती. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येते, लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो. याला नाममुद्रा म्हणतात. गाणे तोंडोतोंडी शंभर गावे फिरले तरी नाव गाण्यालाच शिवलेले असल्यामुळे वाटेत गळून पडत नाही. आजच्या चित्रफितींचा विचार करताना ही नाममुद्रा पुन्हा आपल्याला लागणार आहे.

गुणाकाराचे गणित

आता मोबाइलकडे वळू. येथे अंतराला काही अर्थ उरलेला नाही. अवसरीहून मंचरला आणि अवसरीहून मेलबर्नला चित्रफीत जवळजवळ सारख्याच वेळात जाते. मग काही चित्रफिती लाखोंपर्यंत पोचतात आणि बहुतेक जागच्या जागी मरतात, हे का? कारण येथे व्यस्त वर्गाचा नियम चालत नाही, गुणाकाराचा चालतो.

समजा, एक चित्रफीत १०० जणांनी पाहिली. त्यांतील प्रत्येक पंचविसाव्या माणसाने ती पुढे पाठवली आणि प्रत्येक पाठवणाऱ्यामुळे नव्या २० जणांनी ती पाहिली. म्हणजे १०० मधील चौघांनी पाठवली आणि ८० नव्या जणांनी पाहिली. एका प्रेक्षकामागे सरासरी ०.८ नवा प्रेक्षक मिळाला. या संख्येला आपण गुणनांक म्हणू. पुढच्या फेरीत ६४, मग सुमारे ५१, मग ४१, असे होत होत लाट विरते. एकूण प्रेक्षक किती? अकरावीत भूमितिश्रेढी शिकलेले विद्यार्थी चटकन सांगतील: १०० भागिले (१ वजा ०.८), म्हणजे ५००.

आता गुणनांक थोडासा वाढवून ०.९ करा. एकूण प्रेक्षक १,००० होतात. एवढ्याशा फरकाने दुप्पट! आणि गुणनांक १.१ झाला तर? मग बेरीज संपतच नाही. दहा फेऱ्यांनंतर एका फेरीत सुमारे २६० नवे प्रेक्षक असतात, पन्नास फेऱ्यांनंतर सुमारे ११,७००. अर्थात जगातील माणसे मर्यादित आहेत आणि त्यांचा उत्साहही, त्यामुळे लाट कधीतरी थांबतेच. पण एकच्या अलीकडे विझणे आणि एकच्या पलीकडे भडकणे, हा भेद मूलभूत आहे. अणुभट्टीत नेमके हेच असते. युरेनियम-२३५ चे केंद्रक फुटले की सरासरी अडीच न्यूट्रॉन सुटतात. त्यांपैकी सरासरी एकाने पुढचे केंद्रक फोडले तर भट्टी स्थिर चालते, कमी पडले तर विझते. साथीच्या रोगांचे गणितही असेच आहे, ते २०२० नंतर आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे.

व्हॉट्सॲप चालवणाऱ्या कंपनीने या गुणनांकाला मुद्दाम लगाम घातल्याचे उदाहरण आहे. अफवांमुळे माणसांचे जीव जाऊ लागले तेव्हा जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे केले गेले. जानेवारी २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, जे संदेश आधीच खूप फिरले आहेत ते एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असे ठरले, आणि त्यानंतर असे संदेश सुमारे सत्तर टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. पाठवण्याची बंदी नाही, कोणाच्या संदेशाला हात नाही. फक्त गुणाकारातील एक संख्या लहान केली.

यूट्यूबसारख्या ठिकाणी आणखी एक पात्र मध्ये येते, ते म्हणजे निवड करणारे यंत्र. कोणाला कोणती चित्रफीत दाखवायची हे संगणकाचा कार्यक्रम ठरवतो. त्याचे नेमके सूत्र कंपन्या उघड करत नाहीत, पण स्थूल तत्त्व माहीत आहे. चित्रफीत काही जणांना दाखवून पाहायची. त्यांनी ती उघडली का, किती वेळ पाहिली, मध्येच सोडली का, हे मोजायचे. त्यावरून आणखी किती जणांना दाखवायची ते ठरवायचे. यंत्राला ढोलकी कळत नाही. त्याला फक्त घड्याळ कळते.

मग चांगली कला आपोआप वर येते काय? या प्रश्नावर २००६ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी घेतली आणि १४,३४१ माणसांना इंटरनेटवर ती ऐकायला दिली. ऐकणाऱ्यांचे त्यांनी गट पाडले. एका गटाला फक्त गाण्यांची नावे दिसत. इतरांनी काय निवडले ते कळत नसे. बाकीचे आठ गट म्हणजे जणू आठ वेगवेगळी जगे होती. त्या प्रत्येक जगात, आपल्याच जगातील किती जणांनी कोणते गाणे उतरवून घेतले तो आकडा शेजारी दिसे.

निकाल काय आला? आकडे दिसत होते त्या जगांत गाजलेली गाणी जास्तच गाजली आणि पडलेली जास्तच पडली. पण कोणते गाणे गाजेल हे प्रत्येक जगात वेगळे निघाले. एक गाणे गुणवत्तेने ४८ मध्ये २६ वे होते; ते एका जगात पहिले आले आणि दुसऱ्या जगात ४० वे! फार चांगली गाणी सहसा अगदी तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या गाण्यांचे काहीही झाले. एखादी चित्रफीत ‘चालली’ म्हणून ती कला थोर आणि दुसरी पडली म्हणून ती हलकी, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. सुरुवातीच्या चार-दोन टाळ्या कोणी वाजवल्या यावर पुष्कळ अवलंबून असते. या चार-दोन टाळ्या तुम्ही वाजवू शकता, हेही खरे.

नारायणगावच्या राहुट्या

येथे क्षणभर संगणक बाजूला ठेवून अवसरीहून मंचरमार्गे नारायणगावला जाऊ. वाट फार तर अर्ध्या-पाऊण तासाची. जुन्नर तालुक्यातील या गावाला तमाशापंढरी म्हणतात. थोर तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर येथल्याच. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, आणि २००२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा महाराष्ट्र हळहळला. पण आयुष्याची अखेर ओढगस्तीत गेली. टाळ्या आणि मिळकत या दोन वेगळ्या राशी आहेत, हे त्यांच्याइतके कोणाला कळले असेल? त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते.

दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक असतो. गावोगावचे यात्रा समितीचे लोक येतात, राहुट्या फिरतात, फडमालकाशी बोलतात, तारीख आणि बिदागी ठरली की सुपारी देतात. या व्यवस्थेचे गणित फार हुशारीचे आहे. समजा ४० फड आहेत आणि ५०० गावे. प्रत्येक गावाने प्रत्येक फडाकडे जाऊन चौकशी करायची म्हटले तर ४० गुणिले ५००, म्हणजे २०,००० खेपा. सर्वांनी एकाच ठिकाणी यायचे ठरवले तर ४० अधिक ५००, म्हणजे ५४० खेपांत काम होते. जाळ्याच्या शास्त्रात अशा ठिकाणाला केंद्रबिंदू म्हणता येईल. आज आपण ज्याला समाजमाध्यम म्हणतो तेही मुळात असेच एक नारायणगाव आहे, फक्त त्याला राहुट्यांची संख्या ठरलेली नाही.

पण केंद्रबिंदूचा एक दुबळेपणाही असतो. तो तुटला की सगळे जाळे एकदम तुटते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महासाथीमुळे ऐन चैत्रात यात्रा बंद राहिल्या. राहुट्या नाहीत, सुपाऱ्या नाहीत. अनेक कलावंतांना मोलमजुरी धरावी लागली. तेव्हापासून फडांनी मोबाइलकडे अधिक लक्ष द्यावे असे पुष्कळांना वाटू लागले, आणि ते बरोबरच आहे. परंतु कोणत्या हिशेबाने?

समजा, एका फडाला हंगामात साठ रात्री काम हवे आहे. याचा अर्थ त्याला साठ गावांच्या यात्रा समित्या हव्या आहेत. एक लाख अनोळखी माणसांनी लावणीचा वीस सेकंदांचा तुकडा पाहिला आणि त्यांत एकही यात्रा समितीचा माणूस नसला, तर फडाच्या चुलीला त्याचा उपयोग शून्य. उलट चाकणपासून संगमनेरपर्यंतच्या पट्ट्यात पाचशेच माणसांनी वगातला एक चांगला प्रवेश पाहिला, त्यांत वीसजण समित्यांचे निघाले आणि त्यांना फडाचे नाव कळले, तर तो फड त्या वर्षी तरला. वरच्या गणितात गुणनांक ०.८ असताना एकूण प्रेक्षक ५०० झाले होते, ते आठवा. विझणारी लाटसुद्धा पुरते, जर ती योग्य दिशेने सुटली असेल. ‘पसरणे’ आणि ‘पोचणे’ या दोन शब्दांतला फरक मला येथे फार महत्त्वाचा वाटतो, आणि लाखांच्या आकड्यांनी दिपून गेलेली मोठी माणसेही तो विसरतात.

जाहिरातींच्या उत्पन्नाचेही असेच आहे. यूट्यूबने २०१८ पासून घातलेल्या अटीप्रमाणे त्या उत्पन्नात वाटा मिळायचा तर एका वाहिनीला १,००० वर्गणीदार (हे वर्गणी भरत नाहीत, नाव तेवढे नोंदवतात) आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे आवश्यक असते. फार छोट्या चित्रफितींसाठी मोजणी वेगळी आहे. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. प्रेक्षक सरासरी दोन मिनिटेच थांबत असेल तर त्यासाठी १,२०,००० वेळा पाहणे लागेल. संपूर्ण वग चढवला आणि रसिक सरासरी चाळीस मिनिटे रमला, तर ६,००० वेळा पाहणे पुरते. यंत्राला घड्याळ कळते असे मी म्हणालो. ते घड्याळ रसिकाच्या बाजूनेही चालवता येते.

ध्वनिग्राहक जवळ न्या

अवसरीचा किंवा कोणत्याही गावचा विद्यार्थी यात काय करू शकेल? पहिली गोष्ट भौतिकशास्त्राची. जत्रेत मागे उभे राहून मोबाइल उंच धरून घेतलेली चित्रफीत बहुधा ऐकवत नाही, कारण व्यस्त वर्गाचा नियम ध्वनिग्राहकालाही लागू आहे. बत्तीस मीटरवर गाणे आणि गलबला सारखेच, ते आपण पाहिले. तोच ध्वनिग्राहक एक मीटरवर नेला तर गाणे ३० डेसिबलने, म्हणजे तीव्रतेत हजार पटींनी चढते आणि गलबला होता तेवढाच राहतो. खर्च काहीच नाही.

नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ अँटेनांची प्रचंड दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तुमच्यापैकी कित्येक जण ती पाहून आले असतील. अतिदूरच्या दीर्घिकांतून येणारे क्षीण रेडिओ तरंग ती टिपते. ते साधते याचे एक कारण अँटेनांचा आकार, आणि दुसरे म्हणजे आसपासचा रेडिओ-गोंगाट कमी ठेवण्याची धडपड. क्षीण संदेशही शांततेत कळतो, जोरकस संदेशही गोंगाटात बुडतो. चित्रफीत घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

मात्र फार जवळही जाऊ नका. ढोलकीच्या अगदी पुढ्यात मोबाइल धरला तर ध्वनिग्राहकाची मर्यादा ओलांडली जाते. तरंगांची शिखरे कापली जातात आणि थाप ‘धिन्’ ऐवजी फाटक्या पत्र्यासारखी वाजते. कापलेले शिखर नंतर कोणत्याही युक्तीने परत येत नाही. दोन-तीन मीटर अंतर, ढोलकी आणि गाणारी यांच्या मधोमध जागा, आणि सुरुवातीला अर्ध्या मिनिटाची चाचणी, हे उत्तम.

आवाज साठवताना संगणक सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचे माप घेतो. माणसाला २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येते आणि माप त्याच्या दुपटीहून थोडे अधिक वेळा घ्यावे लागते, म्हणून ही संख्या. दोन मार्गिका आणि दर मापाला १६ अंक धरले तर तीन मिनिटांचे गाणे सुमारे ३२ मेगाबाइट होते. पाठवण्यासाठी ते दाबून तीन मेगाबाइटपर्यंत आणतात. कानाला जे सहसा जाणवत नाही ते गाळून टाकतात. एकदा गाळले तर बिघडत नाही. पण उतरवून घ्यायचे, पुन्हा कापायचे, पुन्हा चढवायचे असे पाच हात फिरले की तुणतुण्याची तार कुठल्या कुठे जाते. म्हणून मूळ प्रत कोणीतरी नीट जपून ठेवली पाहिजे.

दुसरी गोष्ट परवानगीची, आणि ती मी मुद्दाम शिक्षकांनाही सांगतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क दिला आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तर, हे सादरीकरण माझे आहे असे नाव लागण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड होऊ न देण्याचा हक्कही त्यात स्पष्ट आला. स्वतःपुरते चित्रण निराळे, ते जगाला दाखवणे निराळे. फडमालकाला आणि ज्या कलावंताचे चित्रण करायचे तिला आधी विचारा. नाही म्हणाली तर मोबाइल खिशात ठेवा. लावणी करणाऱ्या बाईचा नको तो तुकडा कापून त्याखाली घाणेरडे शेरे मारणारे लोक आहेत. तिची मुले शाळेत जातात, तुमच्यासारखीच.

तिसरी गोष्ट नाममुद्रेची. चित्रफितीखालचा मजकूर ती पुढे जाताना गळून पडू शकतो. चित्रावरच लिहिलेले नाव गळत नाही. म्हणून कलावंताचे नाव, फडाचे नाव, वगाचे नाव, गाव, वर्ष आणि फडाने स्वतः जाहीर केलेला सुपारीचा पत्ता हे सारे चित्रातच, कोपऱ्यात, शेवटपर्यंत ठेवा. याहून चांगले म्हणजे सोंगाड्याने बोलता बोलता फडाचे नाव घेतलेला प्रवेशच निवडा. आणि शीर्षक मराठीत, लोक ज्या शब्दांनी शोधतील त्या शब्दांत द्या. ‘एक नंबर, नक्की बघा’ असे शीर्षक दिले तर कोणता शोधणारा तिथे पोचणार?

एक प्रयोग करून पाहा. तुमच्या गावातील भजनी मंडळ, हलगीवादक, वासुदेव, कोणीही कलावंत निवडा. त्यांच्या संमतीने दोन मिनिटांची चित्रफीत घ्या. नाव चित्रात लिहा. ती ओळखीच्या दहा जणांना पाठवा आणि प्रत्येकाला विनंती करा, की आवडली तरच पुढे पाठवा, आणि कोणाला पाठवली ते मला सांगा. त्या माणसांनाही तेच विचारा. चार दिवसांनी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत किती जणांनी चित्रफीत पाहिली याचा तक्ता करा आणि दर फेरीचा गुणनांक काढा. तो एकपेक्षा कमीच येईल, त्याने खट्टू होऊ नका. मग तिसऱ्या फेरीतील प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: गाणारे कोण, आणि कोणत्या गावचे? ज्यांना सांगता आले त्यांची संख्या वेगळ्या रकान्यात लिहा. पुढच्या खेपेला नाव न लिहिलेली चित्रफीत घेऊन तोच रकाना पुन्हा भरा.